सिंहगड-राजगड-तोरणा पळताना या चुका टाळा

आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी पायवाट जेमतेम ३ किलोमीटरची. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी रस्त्यावर १० किलोमीटर ५२ मिनिटांत पळत होतो आणि त्याचा मला माफक माज होता. चढ आहे म्हणून ३ किलोमीटरला २५ मिनिटं धरली. पाण्याची बाटली गाडीतच ठेवली. पुणे दरवाजा दिसला तेव्हा घड्याळात १ तास ८ मिनिटं झाली होती, आणि पायथ्याशी ज्या आजींना मी ऐटीत मागे टाकलं होतं त्या डोक्यावरची पाटी उतरवून, दह्याची मडकी मांडून बसल्यासुद्धा होत्या. मी उभ्या उभ्या दोन ग्लास ताक प्यायलो. पैसे घेताना त्या म्हणाल्या, "खाली लई जोरात व्हतास. म्हनलं, भेटंल वर."

त्यानंतरची बारा वर्षं मी सिंहगड, राजगड, तोरणा आणि त्यांच्या मधल्या धारांवर पळतोय. स्वतः केलेल्या आणि बरोबरच्यांनी केलेल्या चुका आठवल्या की बहुतेकींचं मूळ एकच सापडतं. आपण टेकडीचा हिशेब गडावर घेऊन जातो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या वाटा फिरायला येणाऱ्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. गडाची वाट येणाऱ्याला अडवायला आखलेली आहे. दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला असतो. दम लागलेला असतो नेमकी तिथेच वाट काटकोनात वळते. पायरी एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे पावलांना लय म्हणून सापडत नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या डोळ्यासमोर रंगीत बूट घातलेले आपण नव्हतो, पण बंदोबस्त आपल्यालाही लागू पडतो.

किलोमीटरवर विसंबणं

गडावर विचारायचं ते अंतर नव्हे, चढ किती मीटर ते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता: दर ३ मैलांना १ तास, आणि वर चढाच्या दर २००० फुटांना आणखी १ तास. आतकरवाडीच्या वाटेला तो लावून बघा. अंतराची ३७-३८ मिनिटं, सुमारे ६०० मीटर चढाचा जवळजवळ एक तास. दीड तासाच्या जरा वर गेलं. रविवारी सहकुटुंब चढणाऱ्यांना साधारण तेवढाच वेळ लागतो.

पळणाऱ्याने यातून स्वतःचा आकडा काढावा. ओळखीच्या गडावर दोन-तीनदा जाऊन आपल्याला या वेळेच्या किती टक्के लागतात ते पाहायचं आणि नव्या वाटेला तोच गुणक लावायचा. मला चढाला निम्मा वेळ लागतो. अंदाज काढायला एवढं पुरतं. घड्याळातला 'प्रति किलोमीटर वेग' मी गडावर पडद्यावरून काढूनच टाकलाय, कारण तो आकडा १४ किंवा १८ दिसला की माणूस उगाच जोर लावतो.

चढ एकसारखा का नसतो तेही समजून घेतलेलं बरं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा मुलूख तयार झाला. कठीण थराचा कडा उरतो, मधला ठिसूळ थर झिजून सपाटी किंवा मंद उतार होतो. म्हणून वाट सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या कडेवरून, बरी चढत जाते, मग एकदम कातळ पुढ्यात येतो, त्याच्या वर पुन्हा मोकळी सपाटी. पहिल्या सोंडेवर सगळा दम काढला तर कातळावर हात-पाय थरथरतात, आणि वरच्या सपाटीवर, जिथे खरंच पळता येतं, तिथे आपण कमरेवर हात ठेवून उभे असतो. पहिली पंधरा मिनिटं चाला. उभ्या चढावर मांड्यांवर तळवे टेकून लांब ढांगा टाकणारा माणूस टाचा उचलून पळणाऱ्यापेक्षा फारसा मागे राहत नाही, आणि वर पोचल्यावर बोलण्याच्या अवस्थेत असतो.

साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनमधून आलेल्या मंडळींची इथे हमखास फसगत होते. यवतेश्वरचा घाट चढणं सोपं नाही हे कबूल, पण ते २१ किलोमीटर डांबरावरचे. डांबर पायाखालून सरकत नाही.

सराव फक्त चढाचा करणं

पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर दहा-दहा फेऱ्या मारणारे बरेच भेटतात. वर जाताना घड्याळ चालू, खाली येताना ते बंद करून, गप्पा मारत. सिंहगडावर तर वर पळत जाऊन जीपने खाली येण्याची पद्धतच पडली आहे. मग राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना मांड्या संपतात.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरतो. चढावरच्या आकसण्यापेक्षा हे काम वेगळं आहे आणि त्याची सवय फक्त उतरूनच लागते. सवय नसेल तर दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. ऑफिसचा जिना उलटं तोंड करून उतरणारा माणूस दिसला तर तो आदल्या रविवारी गडावर होता असं खुशाल समजा.

आठवड्यातून एकदा मुद्दाम उतरायला जा. पावलं छोटी आणि भरभर, नजर पायाच्या अंगठ्यावर नको, तीन-चार मीटर पुढे. टाच रोवून ब्रेक मारत उतरणं ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं दुखू लागलं तर पळणं थांबवा आणि चालत उतरा. ते दुखणं 'गरम झाल्यावर' जात नाही, मी वाट पाहून पाहिली आहे. सहा आठवडे गेले.

बुटांवर नको तितका भरवसा

उन्हाळ्यात तोरण्याहून वेल्ह्याला उतरताना पायाखाली घसारा असतो, म्हणजे मुरमाचे सुटे गोल खडे. त्यावर खोल खाचांचे ट्रेल बूट उपयोगी पडतात. त्याच बुटांनी ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या कातळावर गेलात तर खाचांना रुतायला काही मिळतच नाही. ओल्या दगडावर पकड येते ती रबराच्या मऊपणाने आणि तळव्याचा जास्तीत जास्त भाग टेकल्याने. तिथे पळायचं नाही. पायरीच्या कडेला गवत किंवा माती असेल तिथे पाय टाकायचा, मधली गुळगुळीत जागा सोडायची. शेकडो वर्षं लोक ज्या मधल्या जागेवरून चालत आले तीच सगळ्यांत घोटलेली असते. रेलिंग असेल तर धरा. तिथे कोणी तुमचा फोटो काढत नसतं.

अंगठ्याचं नख काळं पडणं म्हणजे बूट लहान असं सरसकट समजलं जातं. बऱ्याचदा बूट बरोबर असतो, नाडी सैल असते आणि उतारावर पाऊल पुढे सरकून दर पावलाला आपटतं. उतरणं सुरू करण्यापूर्वी नाडी सोडून घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून ओवून पुन्हा घट्ट बांधा, आणि नखं दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापलेली नखं बोचतात.

दुसऱ्याच्या रेषेवरून पळणं

वाट चुकण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वेळ, पाणी, अंधार, घसरणं या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

एका ऑगस्टमध्ये आम्ही तिघं सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरून विंझरच्या बाजूला निघालो होतो. घड्याळात मित्राने फेब्रुवारीत नोंदवलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे तो गेला त्या वाटेची नकाशावरची रेष. फेब्रुवारीत ती वाट मळलेली पांढरी रेघ असते. ऑगस्टमध्ये गवत खांद्यापर्यंत आणि कारवीचं रान माजलेलं. घड्याळ सांगत होतं की आम्ही रेषेपासून १५ मीटरवर आहोत, म्हणजे ठीकच. ते १५ मीटर आडवे नव्हते. वाट आमच्या डोक्यावरच्या सपाटीवरून जात होती आणि मधे कातळाचा थर होता. सपाट नकाशावर दोन्ही जागा एकच दिसतात. त्यात कड्याखाली उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून येतो, त्यामुळे ठिपका हवा तसा उड्या मारतो.

पुढे एक गुराखी भेटले. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"मामा, विंझरला हीच वाट जाते ना?"

"जाती की."

वीस मिनिटं गेलो. वाट अरुंद होत होत एका ओढ्यापाशी संपली. पलीकडे काही नाही. परत आलो तर मामा तिथेच.

"मामा, वाट तर संपली."

"ढोरवाट हाय ती. ढोरं जात्यात पान्यावर."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"तुमीच म्हनला जाती म्हनून."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उत्तर आत ठेवूनच प्रश्न विचारला की समोरचा भिडेखातर होकार देतो. त्या दिवसापासून मी 'हीच ना?' असं विचारत नाही. 'विंझरला कुठनं जायचं?' एवढंच विचारतो आणि मामांचा हात कुठे जातो ते बघतो. लांबच्या गडाचं नाव घेण्यापेक्षा पुढच्या वाडीचं नाव घ्यावं. 'किती लांब?' याला 'ही काय, हितंच' हे एकच उत्तर आहे आणि त्याची लांबी दहा मिनिटांपासून दीड तासापर्यंत काहीही असू शकते. 'तुमाला किती येळ लागतो?' असं विचारलं तर खरा आकडा मिळतो. तुम्ही पळणारे असलात तरी त्यात काही कमी करू नका.

ढोरवाट ओळखता येते. ती एक नसते, चार-पाच समांतर पट्ट्यांत फुटते. चढाला थेट भिडत नाही, तिरपी जाते, आणि शेवटी पाण्याकडे किंवा सावलीकडे वळते. आणखी एक खूण मला फार उशिरा कळली. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. ढोरवाट कमरेखाली मोकळी आणि छातीला काटे. गुरांना छातीवरच्या फांदीचं सोयरसुतक नसतं.

चुकलात असं वाटलं तर मिनिटभर थांबा, पाणी प्या आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा. तेवढा चढ पुन्हा चढायचा कंटाळा येतो म्हणून 'खाली गाव दिसतंय, घळीतून उतरू' असा विचार होतो. सह्याद्रीत हे कधीच करायचं नाही. ओढा कातळाच्या प्रत्येक थरावरून उडी मारतो. आपण पहिली उडी कशीबशी उतरतो, दुसऱ्या ठिकाणी तीस फुटांचा कोरडा धबधबा येतो, आणि तोवर पहिली जागा परत चढण्यासारखी राहिलेली नसते. सोंड किंवा धार धरून उतरावं, तिथून निदान दिसतं तरी.

जीपीएक्स वापरूच नका असं नाही. फाइल कोणत्या महिन्यातली आहे ते पाहा, शक्यतो दोन वेगवेगळ्या माणसांच्या घ्या, आणि खिंडी, वाड्या, दरवाजे यांची नावं कागदावर लिहून खिशात ठेवा. ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. आणखी एक, फाइलमधली रेष पावसाळ्यात भातखाचरातून जात असेल तर वळसा घ्या. बांध हा कुणाच्या तरी महिन्याभराच्या कामाचा भाग असतो, पळवाट नव्हे.

पिठलं कधी, मीठ किती

कांदाभजी, पिठलं-भाकरी, ठेचा, दही. सिंहगडावर हे खाल्लं नाही तर जाऊन उपयोग काय, या मताचा मीही आहे. फक्त ते शेवटी. एकदा सिंहगड हा अर्धाच टप्पा असताना मी भरपेट जेवलो आणि लगेच कल्याण दरवाजाने उतरायला लागलो. पुढचा तपशील सांगण्यासारखा नाही. मधल्या टप्प्यात उकडून मीठ लावलेले छोटे बटाटे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की असं दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं चालतं. महागडी जेल पाकिटंही चालतात, पण ती आधी टेकडीवर पोटाला दाखवून ठेवा.

राजगडावरून संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने तोरण्याकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरची डोंगरधार आहे. सावली तुरळक, आणि वाट पश्चिमेला जाते म्हणून दुपारनंतर ऊन थेट तोंडावर. शनिवार-रविवारी कुणी सरबत विकायला बसलेलं असेलही, पण त्या भरवशावर अर्धा लिटर घेऊन निघू नये. दोन लिटर तरी राजगडावरच भरून घ्यावं. उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, घाम जास्त येणाऱ्याला अधिक.

नुसतं पाणी ढोसणं हीसुद्धा चूक आहे. चार तास घाम गाळून फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. तहान लागली समजून माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतं. लघवी होत असूनही मळमळ आणि गोंधळल्यासारखं वाटत असेल तर पाणी थांबवा, खारं काहीतरी खा, आणि सोबत्याने त्या माणसाला एकटं सोडू नये. उलट लघवीच झालेली नसेल, जीभ कोरडी असेल तर ते पाण्याचंच काम. ओआरएसची दोन पाकिटं खिशात असावीत.

मोसम आणि वेळ

लोक पावसाला घाबरतात आणि ऑक्टोबरला निर्धास्त जातात. माझ्या मते ऑक्टोबर जास्त फसवा. सकाळी धुकं, गवत अजून हिरवं, आणि अकरा वाजता कातळ तापून वरून-खालून भाजायला लागतं. दुपारी ढग दाटले तर वीज. मे आणि ऑक्टोबर हे दोन्ही महिने विजांचे आहेत, आणि डोंगरधारेवर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. गडगडाट ऐकू आला की धार सोडून खालच्या सपाटीवर या, एकट्या झाडाखाली किंवा बुरुजावर थांबू नका. राजगड-तोरण्याच्या मधल्या खिंडीत गाडीरस्ता आडवा जातो. तिथे पोचेपर्यंत ठरलेल्या वेळेपेक्षा फार उशीर झाला असेल तर तोरणा सोडून त्या रस्त्याने बाहेर पडावं. पुढे बुधला माचीखालचा कातळटप्पा दमलेल्या पायांनी आणि मावळत्या उजेडात करण्यासारखा नाही.

पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटरस्त्यावर दरडी येतात, काही गडांवर काही दिवस जाण्यास बंदी असते. आदल्या दिवशी चौकशी करा. रात्री धुक्यात हेडलॅम्प कपाळावर असला की पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. तो काढून कमरेला बांधा किंवा हातात खाली धरा. दगडांच्या सावल्या पडतात, वाट उलगडते. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या तेरा टेकड्या रात्री करणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

रविवारी सकाळी आठनंतर सिंहगडाच्या पायवाटेवर वेग लावून उतरणं ही चूक नाही, उद्धटपणा आहे. लहान मुलं, साडी नेसून चढणाऱ्या काकू, गुडघे धरून उतरणारे आजोबा. पळायचंय तर मंगळवारी पहाटे या.

गडाला शर्यतीचं मैदान समजणं

११ जुलै २०२५ रोजी 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. या तिघांपैकी राजगड त्यात आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण त्याला आधीपासून आहे. यादीत नाही म्हणून सिंहगड-तोरण्यावर वाटेल तसं वागावं असं अर्थातच नाही.

संजीवनी माचीची तटबंदी चिलखती आहे, एका भिंतीच्या बाहेर दुसरी, मधे चिंचोळी जागा आणि त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. माची दोन-अडीच किलोमीटर लांब, बाजूने झकास दिसते, आणि तटावरून पळण्याचा मोह होतो. तटाचे वरचे दगड सुटे असतात. एक जरी निखळला तरी खालच्या वाटेवर कोणीतरी असतं, आणि तो दगड पुन्हा तिथे बसवायला कोणी येत नाही. पळायचं ते माचीच्या आतून. दरवाजाच्या उंबऱ्यापासून आतल्या उंबऱ्यापर्यंत, मंदिराजवळ, समाधीजवळ चालावं. पाच मिनिटं जातात.

सराव धावांसाठी दगडावर रंगाने बाण काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. फीत बांधा, आणि शेवटच्या माणसाने ती सोडत यावी. सिंहगडावरच्या देवटाक्याचं पाणी पिण्याचं आहे, त्यात बूट धुवायचे नाहीत हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

कड्याच्या पोटात आणि जुन्या कमानींखाली आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, मोठा स्पीकर या तिन्हींनी ती उठतात. उठलीच तर हात झटकत उभं राहू नका. चेहरा झाकून, वाट सुरक्षित असेल त्या दिशेने जितकं लांब जाता येईल तितकं जा. कड्याच्या कडेला मात्र धावायचं नाही.

बाजीप्रभूंच्या नावाने

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते रात्री, भर पावसात. पावनखिंडीचं पुढचं तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या मोहिमा निघतात, त्या बहुधा दोन दिवसांच्या असतात. तरी कुणीतरी म्हणतंच, 'मावळे एका रात्रीत गेले, आपण का नाही?' मग पहिल्या दिवशी छाती फुगवून सुटायचं, आणि पुढल्या वाडीत पायाला फोड आणून बसायचं.

महाराजांबरोबरचे बांदलांचे मावळे सह्याद्रीच्या डोंगरातच वाढले होते. रोजचं जगणंच चढ-उताराचं. आपण आठवड्यातले पाच दिवस खुर्चीत बसतो. त्यांचा आदर वेगळा, आपल्या गुडघ्यांचा हिशेब वेगळा. आणि त्यांना वाट दाखवायला वाट जाणणारे होते, हा भाग या गोष्टीतून नेहमी गाळला जातो. स्थानिक वाटाड्या घेण्यात पळणाऱ्याला कमीपणा वाटतो. का ते मला अजून कळलेलं नाही.

तरीही बिनसलंच तर

पोटरीला गोळा आला की जोरजोरात चोळू नका. पाय सरळ करून पंजा हळूच स्वतःकडे ओढा, मग मीठ-साखर-पाणी, मग दहा मिनिटं चाला. पुन्हा आला तर तो दिवस पळण्याचा राहिला नाही.

घोटा मुरगळला आणि त्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं असं धरूनच चाला, म्हणजे चालू नका. बूट काढायची घाई करू नका, सूज आली की तो परत चढत नाही. घट्ट बांधा, एकाने सोबत थांबा, एकाने वाडीत जा. १०८ची गाडी पायथ्यापर्यंतच येऊ शकते. वरून खाली आणायला गिर्यारोहकांची बचाव पथकं आहेत, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून ठेवा. वर रेंज मिळेलच असं नाही, पण धारेवरून उतरण्याआधी एक प्रयत्न जरूर करावा, दरीत ती नक्कीच नसते.

दगडी जोत्यांमध्ये आणि कातळांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो. आकाराने लहान, रंगाने दगडासारखं. हात कुठे टेकतोय ते बघितल्याशिवाय टेकू नका. चावलं तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नको. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, आणि माणसाला उचलून खाली न्या. त्याने पळत खाली येणं ही या लेखातली सगळ्यांत महागडी चूक ठरेल.

वेल्ह्याहून परतीची शेवटची एसटी कधी आहे हे सकाळी जातानाच कंडक्टरना विचारून ठेवा, इंटरनेटवरच्या वेळेवर राहू नका. कोरडा शर्ट पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये. आणि सुटे पैसे नोटांमध्ये, कारण ताकवाल्या आजींच्या पाटीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो, पण रेंज नसते. मागच्या महिन्यात माझ्याकडे फक्त फोन होता. "दे पुढल्या खेपंला," म्हणाल्या. पुढल्या खेपेला चाळीस रुपये द्यायला गेलो, तर त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या. शेजारच्या मावशींकडे ठेवून आलोय.